दुसऱ्याचं मराठी दुरुस्त करण्याआधी

पुण्यात एखाद्या दुकानात जाऊन 'दोनशे पानी वही कुठं भेटेल?' असं विचारलं, तर वहीच्या आधी दुरुस्ती हातात पडण्याची शक्यता बरीच असते. माणूस भेटतो, वस्तू मिळते! प्रमाण मराठीपुरता हा नियम खरा आहे. पण विचारणाऱ्याला वही हवी होती, आणि तो जिथून आला तिथे वस्तूही भेटतेच. दुरुस्ती करणाऱ्याला भाषेची सेवा केल्याचं समाधान मिळतं. ऐकणारा पुढच्या वेळी हिंदीत विचारतो किंवा विचारतच नाही.

हे टिपण ज्यांना दुरुस्ती करावीच लागते त्यांच्यासाठी आहे: शिक्षक, मुद्रितशोधक, मुलाखती घेणारे, सोसायटीचे सेक्रेटरी आणि घरातले वडीलधारे. मुख्य सूत्र आधीच सांगून टाकतो. संस्थेच्या किंवा सगळ्यांच्या नावाने बाहेर जाणारा मजकूर जरूर सुधारावा. माणसाचं बोलणं त्याने विचारल्याशिवाय सुधारू नये. हे सूत्र पाळताना अडचणी येतात त्या पुढच्या तपशिलात.

आधी प्रकार ओळखा

वाक्य खटकण्याची चार कारणं असतात आणि चारींवरचा इलाज वेगळा.

पहिलं कारण म्हणजे अर्थ बिघडणं. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब, त्यामुळे 'महिला दीन' साजरा करणारा फ्लेक्स नको ते सांगून जातो. मात्र रोजच्या व्यवहारात अर्थ बिघडतो तो क्वचितच ह्रस्वदीर्घामुळे. तारीख आणि वार जुळत नाहीत, एखादं 'नाही' गळतं, किंवा तारखेशिवाय नुसतं 'उद्या' लिहिलेलं असतं. अशी चूक कुणाचीही असो, ताबडतोब सांगावी.

दुसरं, प्रमाणलेखन चुकणं: सुचना, परिक्षा, महत्व, पारंपारिक, कोट्यावधी. बरोबर रूपं अनुक्रमे सूचना, परीक्षा, महत्त्व, पारंपरिक, कोट्यवधी. छापायच्या मजकुरात ही दुरुस्त करावीत, पण अर्थ लागत असल्याने घाई नसते. यातच 'ध्द' येतो. श्रद्धा, बुद्ध, युद्ध यांत आधी द आणि मग ध असतो, तरी टंकताना क्रम उलटतो आणि 'शुध्दलेखन' शिकवणाऱ्या वर्गाच्या जाहिरातीतही तो उलटलेला सापडतो.

तिसरं, बोलीचा फरक. पानी, आनि, व्हतं, लई. कोल्हापूरकडची बाई स्वतःबद्दल 'मी गेलो' म्हणते. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो आणि 'करतोय'च्या जागी 'करून राहिला' येतं. सोलापूरकडे 'जायलाय' ऐकू येतं. ही चूक आहे की बोली, हे ठरवायला साधी कसोटी आहे: बोलणारा हे प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने करतो का, आणि त्याच्या गावातली शिकलेली माणसंही तसंच बोलतात का? कोल्हापूरची तीच बाई 'बहीण गेली' असंच म्हणते, 'बहीण गेला' म्हणत नाही. म्हणजे लिंग तिला पक्कं कळतं, फक्त 'मी'बरोबरचं क्रियापद तिच्या बोलीत वेगळ्या नियमाने चालतं. जिथे नियम आहे तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

चौथा प्रकार आहे अतिदुरुस्ती, आणि तो पहिल्या तिन्हींपेक्षा जास्त काही सांगून जातो. 'हार्दिक अभिणंदन', 'धण्यवाद'. कुणाच्याच बोलीत असं नसतं. 'न' म्हटलं की लोक हसतात एवढं लिहिणाऱ्याच्या मनावर ठसलेलं असतं, म्हणून तो सुरक्षित वाटणारा 'ण' सगळीकडे पेरतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कच्या अभ्यासात हेच वेगळ्या रूपात दिसलं होतं. अगदी जपून वाचायला सांगितलं की निम्न मध्यमवर्गातले लोक प्रतिष्ठेचा 'र' ('कार'सारख्या शब्दांत स्वरानंतर येणारा) वरच्या वर्गापेक्षाही जास्त वेळा उच्चारत. अशी चूक दिसली तर ती आधीच्या कुठल्या तरी टोकण्याची खूण समजावी. त्यावर आणखी टोकणं हा इलाज होत नाही. नियम शिकवणं हा इलाज आहे, आणि तो पुढे दिला आहे.

मोजपट्टी कुठली?

दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात कुठली पट्टी आहे हे त्याला माहीत असावं. आज जे प्रमाणलेखन म्हणून चालतं ते मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांवर उभं आहे. १९६२ साली १४ नियम मान्य झाले, १९७२ साली ४ वाढले, एकूण १८. त्याआधी 'घरांत', 'नांव', 'केलें' असं अनुस्वारांसह लिहिणं हेच बरोबर होतं. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या पाट्यांवर ते अजून दिसतं. म्हणजे आजोबांचं शुद्ध ते नातवाचं अशुद्ध, आणि मधे फक्त एक ठराव.

बोलण्याची पट्टी याहून जुनी. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६चं. पुढे सरकारी शाळांची पुस्तकं आणि पुण्यामुंबईची वर्तमानपत्रं यांतून शिकलेल्या वर्गाची, त्यातही मुख्यतः ब्राह्मणांची, बोली प्रमाण ठरत गेली. त्यात भाषेच्या सौंदर्याचा निवाडा कुणी केला नव्हता. छापखाना आणि शाळा कुणाच्या हातात होत्या एवढाच प्रश्न होता. १८७०च्या दशकात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून जोतीराव फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली. फुले काय म्हणत होते त्याला उत्तर देण्यापेक्षा ते कसं लिहितात हे दाखवणं सोपं होतं. वाद पुण्यातलाच, आणि युक्ती अजून वापरात आहे. कुणाचा मुद्दा अडचणीचा वाटला की त्याचा 'न' काढायचा.

म्हणून दुरुस्ती करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: याच्या म्हणण्याशी मी सहमत असतो, तर हे मला खटकलं असतं का?

शाळेत

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि सगळ्यात जास्त कामही करता येतं.

मूल बोलताना त्याला मधेच तोडू नये. बरोबर रूप आपल्या उत्तरात सहज यावं. मूल म्हणतं, 'सर, माझी वही भेटंना.' शिक्षकाने म्हणावं, 'सापडत नाहीये? दप्तराच्या मागच्या कप्प्यात बघ बरं.' 'सापडत' वर जोर द्यायचा नाही, डोळे मोठे करायचे नाहीत, वर्गाकडे बघून हसायचं नाही. जोर दिला की तीच दुरुस्ती झाली. मुलाच्या कानावर प्रमाण रूप पडतं, वहीही सापडते.

प्रकट वाचन तपासताना उच्चार आणि वाचन वेगळं धरावं. पुस्तकात 'पाणी' आहे आणि मुलाने 'पानी' वाचलं, तर त्याने शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या उच्चाराने म्हटला. वाचनाची ही एकही चूक नाही. 'पाणी'च्या जागी 'पान' वाचलं तर ती चूक, कारण शब्दच बदलला. हा फरक न केल्यास चांगलं वाचणारी मुलं 'वाचनात कच्ची' या यादीत जातात आणि वर्षभर त्यांना त्यांना येणाऱ्या गोष्टीच शिकवल्या जातात.

श्रुतलेखनात अडचण उलटी आहे. ज्याच्या बोलीत न आणि ण वेगळे ऐकू येत नाहीत त्याला 'नीट ऐक आणि मग लिही' हा सल्ला निरुपयोगी. त्याला डोळ्यांनी ओळखता येईल असा आधार हवा. पुढचे चार नियम एकेका आठवड्याला एक असे द्यावेत.

शब्दाच्या सुरुवातीला ण येत नाही. (वर्णमालेतला 'बाणाचा ण' हे नावच ते सांगतं.) एवढ्याने 'णाही' आणि 'णमस्कार' संपतात.

क्रियापदाचं -णे, -णारा, आणि त्यावरून बनलेली नामं यांत ण असतो: करणे, बोलणारा, आठवण, दळण, वळण. -पण या प्रत्ययातही: मोठेपण, शहाणपण. पण 'त्याने, रामाने' यातला -ने विभक्तीचा, तिथे नेहमी न.

संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत ऋ, र किंवा ष यांच्यानंतरचा न बहुधा ण होतो: ऋण, कारण, भाषण, ग्रहण, प्रमाण. मधे च, ट, त या वर्गांतलं अक्षर किंवा ल, श, स आलं तर होत नाही: रचना, वर्तन, प्रार्थना, दर्शन. 'रामायण' आणि 'रामनाम' ही जोडी मुलांना आवडते. दुसऱ्यात दोन वेगळे शब्द जोडलेले आहेत, म्हणून न तसाच राहतो. 'अभिनंदन' आणि 'धन्यवाद' यांत ऋ, र, ष यांपैकी काहीच नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्यावं.

स्त्रीलिंगी रूपांत मराठी वळणाचा शब्द ण घेतो आणि संस्कृत वळणाचा न: मालकीण, शेजारीण, मैत्रीण, पण विद्यार्थिनी, भगिनी.

याशिवाय गुण, गणित, पुण्य, वीणा, कल्याण असे शब्द पाठच करावे लागतात. त्यांची यादी भिंतीवर असावी आणि परीक्षेच्या आठवड्यातच उतरवावी.

निबंध तपासताना एका वेळी एकाच प्रकारची चूक धरावी. पहिला महिना फक्त शब्दाच्या शेवटचे दीर्घ ई-ऊ: कवी, मती, गुरू. (गुरुवार, कविराज अशा जोडशब्दांत ते पुन्हा ऱ्हस्व होतात, तो दुसरा धडा.) मग न-ण. मग सामान्यरूप: फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला. पानभर निबंधात पाचाहून जास्त खुणा नकोत. चूक असलेल्या ओळीसमोर समासात टिंब द्यावं, शब्द मुलाने शोधावा. पान लाल झालं की मूल पुढच्या वेळी लांब शब्द टाळतं, छोटी वाक्यं लिहितं, आणि निबंध 'शुद्ध' होत होत रिकामा होतो. दहावीच्या वर्गाला शिकवणाऱ्यांना अशा वह्या ओळखू येतात.

घरचं आणि पुस्तकातलं हे दोन रकाने फळ्यावर ठेवता येतात: व्हतं / होतं, कुनी / कुणी, लई / खूप. आठवड्यातून १० मिनिटं, ६ ते ८ शब्द पुरे. दोन पथ्यं मात्र कडक पाळावीत. शब्द मुलांनी आणायचे, शिक्षकांनी नाही, नाहीतर ती नक्कल होते. आणि डावा रकाना कधीही खोडायचा नाही. ज्याच्या घरी दोन्ही रकाने सारखेच आहेत त्या मुलालाही काही शोधायला सांगावं, म्हणजे बोली फक्त इतरांना असते असा त्याचा समज होत नाही.

वर्गाबाहेरच्या दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही. सूत्रसंचालन आणि आभारप्रदर्शन दरवर्षी 'स्वच्छ वाणी'च्या त्याच दोनतीन मुलांकडे जातं. हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावली तर प्रश्न मिटतो. कार्यक्रम थोडा अडखळतो, आकाश कोसळत नाही. दुसरं, स्नेहसंमेलनाच्या नाटुकलीची संहिता हातात घेऊन बोलीभाषेतले संवाद कुणाच्या तोंडी आहेत ते बघावं. गडी, चोर आणि दारुडा बोली बोलतात आणि डॉक्टर-शिक्षक प्रमाण बोलतात असं असेल तर अदलाबदल करावी. लेखकाला राग येतो, येऊ द्यावा.

हे सगळं घरीही पोचतं. शाळेतून आलेली नात म्हणते, 'आजी, पानी नाही गं, पाणी!' आणि सगळे कौतुकाने हसतात. त्या वेळी आईने किंवा बाबांनी एवढंच म्हणावं: 'आजी आपल्या गावाकडचं बोलते. तू पेपरात पाणी लिही, आणि आजीला आत्ता पाणी दे.'

मुलाखत आणि फोन

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसणारा मराठवाड्याचा मुलगा असो की हिंजवडीत नोकरी शोधणारी धुळ्याची मुलगी, मुलाखतीआधी दोघांना एकच सल्ला मिळतो: 'भाषा सुधार'. मुलाखत घेणाऱ्यांनी आपली बाजू आधी सुधारावी.

जाहिरात देण्याच्या वेळीच ठरवावं की या जागेवर भाषेचं नेमकं काय काम आहे. पत्रं लिहायची असतील तर १५ मिनिटांची लेखी चाचणी द्यावी: एका तक्रारीला आठ ओळींचं उत्तर. त्यात प्रमाणलेखनाचे गुण जरूर ठेवावेत. काउंटरवर बसायचं असेल तर लेखन तपासून उपयोग नाही. गुणपत्रिकेत 'संवादकौशल्य' असा एकच मोघम रकाना असेल तर तो काढून तीन करावेत: सांगितलेलं दुसऱ्याला कळतं का, समोरच्याचं ऐकून बरोबर परत सांगता येतं का, आणि लागत असल्यास लिहिता येतं का. प्रत्येकाला ० ते ४ गुण. मोघम रकान्यात न-ण, पेठ, आडनाव, जात असं सगळं गोळा होतं आणि त्याला नाव मिळतं 'व्यक्तिमत्त्व'.

सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत आणि आपसात बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण लिहून टाकावेत. पॅनेलमधल्या एकाने फक्त उत्तरांचे मुद्दे टिपावेत, आणि अंतिम चर्चा त्या टिपणावरून व्हावी. कागदावर आवाज नसतो, हाच त्याचा फायदा. 'छाप पडली नाही' असं कुणी म्हटलं तर कोणत्या उत्तरात ते विचारावं. उत्तर दाखवता आलं नाही तर गुण बदलू नयेत.

आवाजावरून माणूस तोलला जातो हा नुसता वहीम नाही. माँट्रियलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६० साली एकाच माणसाकडून तोच उतारा इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये वाचून घेतला आणि ऐकणाऱ्यांना वाटू दिलं की दोन वेगळी माणसं बोलत आहेत. इंग्रजी आवाजाला हुशारीचे जास्त गुण मिळाले, आणि फ्रेंच भाषकांनीही तसेच दिले. मुलाखत घेणारा स्वतः गावाकडून आलेला आहे म्हणून तो बोलीला न्याय देईल, हे गृहीत का धरू नये, ते यावरून कळावं.

घर भाड्याने देणाऱ्यांचंही तसंच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात एकाच माणसाने सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या घरमालकांना तीन धाटणीच्या इंग्रजीत फोन केले. बहुसंख्य गोऱ्यांच्या भागांत 'घर बघायला या' हे उत्तर प्रमाण इंग्रजीला जास्त मिळालं. पुण्यात फोनवर 'कुठले तुम्ही?' हा प्रश्न भाडं किती या प्रश्नाच्या आधी येतो. मालकाला खरंच न्यायाने वागायचं असेल तर भाडं, अनामत रक्कम, माणसं किती आणि नोकरी किंवा शिक्षण हे चार प्रश्न कागदावर लिहून तेवढेच सगळ्यांना विचारावेत. 'बोलण्यावरून बरे वाटले नाहीत' हे कारण स्वतःशीसुद्धा देऊ नये.

सोसायटीची नोटीस

इथे मात्र दुरुस्ती मनसोक्त करा, कारण नोटीस सगळ्यांच्या नावाने लागते. पण क्रम पाळा. आधी मजकूर: वार, तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, कुठली इमारत, लोकांनी काय करायचं, विचारायचं कुणाला. मग वाक्यं. प्रमाणलेखन सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो.

'सर्व सभासदांना सुचीत करण्यात येते की उद्या टाकी साफसफाई असल्या कारणाने पाणी पुरवठा बंद राहील तरी सहकार्य करावे ही नम्र विनंती.' यातलं 'सुचीत' सूचित केलं की काम झालं असं वाटतं. पण 'उद्या' म्हणजे कधी आणि बंद किती वेळ, हे अजून कळत नाही. असं लिहा: 'मंगळवार, १४ ऑक्टोबर. दोन्ही इमारतींच्या टाक्या धुणार. सकाळी ९ ते दुपारी २ पाणी बंद. आदल्या रात्री पाणी भरून ठेवा.' वाक्यं आखूड झाली की चुकाही आपोआप कमी होतात, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही नोटीस वाचता येते. टोमणे घालायचे असतील तर ते नोटिशीत नकोत. पुणेरी पाटी म्हणून तिचा फोटो फिरेल आणि टाकीची तारीख कुणाच्या लक्षात राहणार नाही.

वॉचमन काकांच्या रजिस्टरला हात लावू नका. 'तेला सांगतलं', 'गाडी आली व्हती' हे त्यांचं टिपण आहे. गाडीचा नंबर आणि वेळ बरोबर आहे का एवढंच बघा. रजिस्टर चाळून गेटवर हसणाऱ्यांमुळे पुढच्या महिन्यात नोंदीच कमी होतात, आणि मग चोरी झाली की कुणाला काही सापडत नाही.

व्हॉट्सॲप

शोकसंदेशातला 'श्रध्दांजली' दुरुस्त करू नये. कधीच नाही. अभिनंदनाचाही नाही. पत्ता, वेळ, औषधाचं नाव, खाते क्रमांक चुकला असेल तर लगेच, ग्रुपवरच. बाकी सगळं वैयक्तिक निरोपात, आणि तेही त्या माणसाला तो मजकूर पुढे छापायचा असेल तर. ताऱ्याची खूण टाकून नुसता बरोबर शब्द लिहिणं ही दुरुस्तीतली सगळ्यात उद्धट रीत आहे, तरी ती करणाऱ्याला सगळ्यात सभ्य वाटते.

मराठी शिकणारे आणि इंग्रजी माध्यमातली मुलं

हिंदी, बंगाली किंवा कन्नड भाषकाने मराठीत सुरुवात केली की पुणेकर दोनपैकी एक करतात: लिंग सुधारतात किंवा स्वतः हिंदीवर जातात. दोन्हींचा परिणाम एकच. मराठीत उत्तर द्या, किंचित सावकाश, आणि त्याचाच शब्द बरोबर लिंगाने वापरा. तो म्हणाला 'माझा गाडी तिकडे आहे', तर 'तुमची गाडी पांढरी का?' एवढं बास. तीन लिंगं कुणालाही एका दिवसात येत नाहीत. त्याने आपणहून विचारलं तर एका बैठकीत एकच गोष्ट सांगा.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांची परीक्षा घेतली जाते ती एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यावर, बहुधा पाहुण्यांसमोर. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, म्हणजे या आकड्यांत किती भावना गुंतल्या आहेत ते कळतं. मुलाला आकडा यायला हवा असेल तर तो कामात आणावा: भाजीचा हिशेब, बसचा नंबर, क्रिकेटच्या धावा. पाहुण्यांसमोर नापास झालेलं मूल पुढच्या पाहुण्यांशी इंग्रजीतच बोलतं.

तुम्हालाच कुणी टोकलं तर

टोकणारा बरोबर असेल आणि मजकूर लेखी असेल तर 'बरं झालं सांगितलंत' म्हणून बदलावं. बोलण्यावर टोकलं तर वाद न घालता 'आमच्याकडे असंच म्हणतात' किंवा 'कळलं ना? मग पुढचं सांगते' एवढं बोलून मुद्द्यावर यावं. माफी मागू नये. माफी मागितली की संभाषण भाषेवरच अडकतं आणि तुमचं काम राहतं.

टोकणारा चुकीचाही असतो, आणि पुण्यात तो ठामपणे चुकीचा असतो. 'केलं, म्हटलं असं लिहायचंच नाही' असं कुणी म्हणालं तर त्यांना नियम दाखवावा. पात्राच्या तोंडी अशी रूपं लिहायला महामंडळाच्या नियमांतच मुभा आहे. एखादा शब्द 'मराठीच नाही' असं सांगितलं गेलं, तर दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शोधावा. १९३२ ते १९३८ दरम्यान निघालेले त्याचे सात खंड आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. प्रांतिक शब्दांसमोर दात्यांनी प्रदेशाची संक्षिप्त खूण दिली आहे, त्यामुळे 'अशुद्ध' ठरवलेला शब्द पुष्कळदा नुसता वऱ्हाडी किंवा कोकणी निघतो. कोशातलं पान पाठवताना सोबत काही लिहू नये. पान पुरेसं बोलतं.

नावं

एक जागा अशी आहे की तिथे शुद्धलेखनाचा नियम चालवल्याने प्रत्यक्ष नुकसान होतं. प्रमाणलेखनानुसार 'सुनील' दीर्घ आणि 'अनिल' ऱ्हस्व, 'प्रवीण' आणि 'दीपक' दीर्घ. पण जन्मदाखल्यावर 'प्रविण' असेल तर त्या माणसाचं नाव प्रविण आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढवताना लिपिकाने ते 'सुधारलं' की शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि बँकेचं खातं यांत ते वेगवेगळं होत जातं, आणि ते जुळवायला पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. नाव नेहमी जन्मदाखल्यावरून अक्षर न अक्षर उतरवावं, वेलांटीसकट, आणि पालकाला वाचून न दाखवता वाचायला द्यावं. वाचून दाखवल्यावर ऱ्हस्व आणि दीर्घ सारखेच ऐकू येतात. गावाच्या नावाला मात्र नियम लागू आहे: शेवटी 'पूर' असेल तर दीर्घ, म्हणून इंदापूर, शिक्रापूर.

पत्रिका, सन्मानचिन्ह, स्मरणिका छापताना नावांची यादी आधी वेगळ्या कागदावर घेऊन प्रत्येकाकडून त्याच्या नावासमोर सही घ्यावी. मुद्रितशोधकाला ती यादी देताना वर लिहावं: 'नावं तपासू नयेत.'